परगावी गेलेल्या माणसाचे खाते

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात रामपायली येथे केलेले भाषण)



 मला विषय दिला होता ‘शिक्षण आणि समाज’. हा विषय शाळामास्तराला दिला म्हणजे तो काय बोलणार हे श्रोत्यांस आधीच ठाऊक असते. म्हणून चालकांची परवानगी काढून मी दुसराच विषय घेतला आहे. तो पैशाचा आहे. पैशाविषयी मास्तराने बोलावे याचे काहींना हसू येईल. परंतु हा विषय मला माझ्या हजेरीपटानेच शिकविला, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

धान कापून झाले, दिवाळी सरली, की आमच्या वर्गातील बाके रिकामी होऊ लागतात. बाप नागपूरला, हैदराबादेस किंवा पुण्यास बांधकामावर जातो. कधी आईही जाते. मूल आजीजवळ राहिले तर शाळेत दिसते, नाही तर बिऱ्हाडाबरोबर जाते. काही होळीला परततात, काही मृगाच्या तोंडावर, आणि काही वर्षानुवर्षे परततच नाहीत. आपल्या संस्थेने पंचवीस वर्षे वह्या-पुस्तके दिली, औषधपाणी केले, अडल्यानडल्या घरातील लग्नाला व मयतीला हात लावला. तथापि ही सर्व मदत गावात असलेल्या माणसाला होते. जो माणूस गावाबाहेर राबून घर चालवितो, त्याचा रुपया तेथून येथपर्यंत कसा येतो, वाटेत त्याचे काय होते, याची चौकशी आपण कधी केली नाही. मीही केली नव्हती.

आपल्याकडे परगावी जाणे नवे नाही. १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा करण्यात आला. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत आपण आणि नागपूर एकाच प्रांतात होतो. राज्यांच्या सीमा बदलल्या म्हणून पोटाच्या वाटा बदलत नाहीत. आपल्या माणसाची वाट गोंदियावरून नागपूरकडेच राहिली. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि १९०१ साली त्या मिलने कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधी काढला. म्हणजे खेड्यातून आलेल्या माणसाच्या मजुरीतून त्याच्याच म्हातारपणासाठी काही बाजूला ठेवावे, ही कल्पना आपल्या शेजारी सव्वाशे वर्षांपूर्वी अमलात आली होती. मात्र ज्याचे नाव मिलच्या हजेरीवर होते, त्यालाच तिचा लाभ होई. आज आपला माणूस ज्या इमारतीवर काम करतो, तेथे त्याचे नाव बहुधा ठेकेदाराच्या खिशातील वहीत असते, आणि वही ठेकेदाराबरोबर गावोगाव फिरते.

मी शाळेत शिकत होतो त्या काळी मोहल्ल्यातील बायाबापड्या माझ्याकडून पत्रे वाचून घेत. आमच्या घरी उर्दू, शाळेत हिंदी आणि बाजारात मराठी, त्यामुळे कोणाचेही पत्र माझ्याकडे येई. मनीऑर्डर आली म्हणजे तर माझा मान वाढे. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर निरोपापुरती जागा असे. तेवढ्या जागेत बाप लिहून पाठवी, ‘दोनशे पाठविले, पन्नास बनियाला द्यावे, मुलाला ताप होता तो उतरला काय.’ शंभर रुपयांना पाच रुपये कमिशन पडे. ते कमी नव्हते. पण पोस्टमन घरी येई, माणूस ओळखून पैसे हातात मोजून देई, अंगठा घेई, आणि तो अंगठा लावलेली पोच परत पाठविणाऱ्याकडे जाई. त्या पोचेवर बायकोचा अंगठा पाहून परगावच्या माणसाला त्या रात्री झोप लागत असेल. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कोकणी माणसाच्या बळावर अख्खा रत्नागिरी जिल्हा कित्येक वर्षे मनीऑर्डरीवर जगला, असे म्हटले जाते ते काही खोटे नाही. १८८० साली सुरू झालेली ती जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. तिच्यासाठी रडावे असे मी म्हणत नाही. आज मोबाईलवरून क्षणात पैसे येतात आणि शंभराला पाच रुपये पडत नाहीत. मात्र मनीऑर्डरीत एक सोय होती जी आपण गृहीत धरली होती. तिच्या दोन्ही टोकांना ओळखणारा माणूस होता.

परगावी गेलेल्या लोकांनी ही ओळख स्वतः उभी केल्याचीही उदाहरणे आहेत. गोव्याच्या गावांतून मुंबईस गेलेल्या खलाशांनी व आचाऱ्यांनी आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ काढले. तेथे राहावयास जागा मिळे, पेटी ठेवावयास कोपरा मिळे, आणि अडचणीच्या वेळी गाववाल्यांचा आधार मिळे. १९०६ साली श्रीपाद सुब्राव तल्मकी यांनी मुंबईस येणाऱ्या सारस्वत कुटुंबांसाठी शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतपेढी काढली; १९०४ चा सहकारी कायदा होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पण ही मंडळी शिकलेली होती. मला अधिक जवळचे वाटते ते खानावळवाल्या बायांचे उदाहरण. गिरणीकामगारांना जेवण घालणाऱ्या या बाया स्वतःही गावाहून आलेल्या. कामगाराने महिनाअखेर पैसे द्यावयाचे, तोवर त्यांनी वाण्याकडून व सावकाराकडून उधार आणून चूल पेटती ठेवावयाची, असा त्यांचा धंदा. बँकेला तारण काय देणार, तर तवा आणि पातेली! १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. त्यानंतर १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बाया त्याच होत्या, बँकाही त्याच होत्या. मधल्या दारात उभे राहून ‘या कोण आहेत ते मी सांगते’ असे म्हणणारे कोणी तरी आले, एवढाच फरक झाला.

आता आपल्या माणसाकडे येऊ. तो निघतो तेव्हा हातात पेशगी असते. मराठवाड्यात तिलाच उचल म्हणतात. (तिकडेही बालाघाट नावाचीच डोंगररांग आहे. त्या भागातून दरवर्षी ऊसतोडीला माणसे जातात, नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत ऊस तोडतात. नाव एक आणि नशीबही एकच, असे मला नकाशा शिकविताना नेहमी वाटते.) पेशगीला व्याज नाही असे सांगण्यात येते. परंतु ती घेतली की मजुरीचा दर, कामाचे तास, घरी जावयाचा दिवस, हे सर्व दुसऱ्याच्या हाती जाते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने अशा रीतीने कर्जापोटी माणूस बांधून ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात तर ठेकेदाराने प्रत्येक मजुराला फोटो लावलेले पासबुक द्यावे, त्यात मजुरीचा दर आणि दिलेली रक्कम लिहावी, अशी तरतूद होती. मी माझ्या विद्यार्थ्यांच्या वडिलांना विचारीत आलो आहे. असे पासबुक मला अजून एकानेही दाखविलेले नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी परराज्यात आठ महिने काम केले. खर्चापुरते घ्यावयाचे आणि बाकीचे ठेकेदाराजवळ ‘जमा’ ठेवावयाचे, असा त्यांचा शिरस्ता. मी विचारले, ‘बँकेत का ठेवीत नव्हता?’ ते म्हणाले, ‘मास्तरजी, तिथं बँक मले इचारते, तू राहतोस कुठं. मी राहतो सिमेंटच्या गोदामात. गोदामाची पावती कोन देते?’ एके दिवशी ठेकेदार उठून गेला. आठ महिन्यांची जमा त्याच्या वहीत राहिली आणि वही त्याच्या पिशवीत. मुलाने त्या वर्षी आठवी सोडली. आज तोही बापाबरोबर जातो.

या गोदामाच्या पावतीविषयी थोडे सविस्तर सांगावयास हवे, कारण पुष्कळांना नियम ठाऊक नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०१४ मध्येच स्पष्ट केले आहे की खाते उघडण्यास पत्त्याचा एकच पुरावा पुरेसा आहे, मग तो गावचा असो वा शहरचा. त्यानंतर २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली, आणि आज अशी खाती ५० कोटींच्या वर आहेत. गावच्या शाखेतील खाते हैदराबादेतही चालते. तेव्हा ‘शहरात खाते उघडून देत नाहीत’ ही तक्रार आज पूर्वीसारखी राहिलेली नाही. खाते आहे. अडचण ते खाते जिवंत ठेवण्याची आहे, आणि येथे मला माझा स्वतःचा एक दोष आपल्यापुढे कबूल करावयाचा आहे.

२०१४ च्या हिवाळ्यात खाती उघडण्याचे शिबिर भरले तेव्हा मी फॉर्म भरावयास बसलो होतो. दिवसभरात किती फॉर्म भरले याचा मला अभिमान होता. एका विद्यार्थ्याच्या आईचे नाव मी शाळेच्या प्रवेशपुस्तकावरून लिहिले, तेथे नावापुढे ‘बाई’ होते. आधार कार्डावर ‘बाई’ नव्हते. मला ते क्षुल्लक वाटले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी होती. शासनाने जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने दरमहा ५०० रुपये दिले. या बाईचे यजमान परराज्यात अडकलेले, मजुरी बंद, फोनला पैसे नाहीत. पाचशे रुपये खात्यात आले. पण नाव जुळत नसल्याने आधार खात्याशी जोडले गेले नव्हते, म्हणून कियोस्कवर अंगठा लावून पैसे निघेनात. शाखेत जावे तर रांग, बंदोबस्त आणि ‘नाव दुरुस्त करून आणा’. ज्या दिवसांत ते पैसे हवे होते त्या दिवसांत ते तिला मिळाले नाहीत. नंतर सर्व उलगडा झाला तेव्हा ती मला एवढेच म्हणाली, ‘मास्तरजी, तुमी मानानं बाई लिवलं, त्याचं वाईट नाही वाटत.’ ती असे बोलली म्हणून मला अधिक वाईट वाटले.

नावाचे जसे, तसेच जन्मतारखेचे. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे अडकले म्हणून दर वर्षी कोणी ना कोणी माझ्याकडे येतो, कारण कागदोपत्री तारीख जुळत नाही. याला आम्ही मास्तरच कारण आहोत. ज्या मुलाची तारीख घरच्यांना ठाऊक नसे, त्याची १ जुलै लिहावयाची अशी आमच्यात फार जुनी वहिवाट! निम्मा गाव आम्ही एकाच दिवशी जन्मास घातला आहे.

अंगठ्याचे तर काय सांगावे. विटा उचलून, सिमेंट कालवून, बिड्या वळून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. पोस्टमन अंगठा घेई तो नोंदीसाठी; माणूस तर तो चेहऱ्याने ओळखीत असे. यंत्र चेहरा पाहत नाही. कोठे कोठे तर अंगठा लावल्यावर ‘झाले नाही’ असे सांगून पुन्हा लावावयास सांगतात, आणि घरी आल्यावर पासबुक भरून घ्यावे तो दोनदा पैसे निघालेले दिसतात. म्हणून मी आयांना सांगतो, छापील पावती घेतल्यावाचून जागचे उठू नका. मोबाईल क्रमांकाची गोष्टही तशीच. खाते उघडताना ठेकेदाराचा किंवा दुकानदाराचा क्रमांक दिला, तर बँकेचा प्रत्येक निरोप त्यालाच जातो आणि गुप्त आकडाही त्यालाच कळतो. ज्याचा फोन, त्याचेच खाते झाले, म्हणा ना.

मागच्या वर्षी नवे संकट आले. सामान्य खातेदाराची ओळखपत्रे दहा वर्षांनी पुन्हा तपासावीत असा नियम आहे. २०१४-१५ ची खाती २०२५ मध्ये एकदम या नियमाच्या कचाट्यात आली. त्यासाठी जुलै ते सप्टेंबर २०२५ या काळात ग्रामपंचायतींतून शिबिरे झाली. उत्तम झाले. पण जुलै ते सप्टेंबर म्हणजे रोवणीनंतरचे दिवस. ज्यांची खाती होती त्यांतले पुष्कळ गावात नव्हतेच. यातही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पत्ता व तपशील बदलला नसेल तर नुसती लेखी स्वयंघोषणा पुरते. कागदांचा गठ्ठा न्यावा लागत नाही. दोन वर्षे देवघेव नसेल तर खाते निष्क्रिय होते, पण पैसे बुडत नाहीत.

खात्यात वारसाचे नाव मात्र अवश्य नोंदवावे. परगावी अपघात झाला आणि खात्याला वारस नसला, तर त्याच्या विधवेने किती खेपा घालावयाच्या याला अंत नसतो. दहा वर्षे कोणी मागणी केली नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. तेथूनही ती मागता येते, आणि २०२३ पासून ‘उद्गम’ नावाच्या संकेतस्थळावर असा शोधही घेता येतो. पण शोधणाऱ्याला मुळात ठाऊक हवे ना की नवऱ्याचे कोणत्या बँकेत काही होते!

आता थोडे अप्रिय बोलतो. बँकेच्या दारात ज्याला अपमान वाटतो, तो दुसऱ्या दारात जातो. २०२२ साली आपल्याच जिल्ह्यात लांजी-किरणापूर भागात पैसे दुप्पट करून देण्याचा प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला. त्यात पैसे घालणारे सगळे लोभी होते असे मी मानीत नाही. ओळखीचा माणूस घरी येतो, चहा घेतो, कागद मागत नाही, नाव कसे लिहावयाचे हे विचारीत नाही. बँकेने जे द्यावयास हवे होते, ते सर्व तो देतो. फक्त मुद्दल परत देत नाही. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. दुप्पटवाल्याच्या चिठ्ठीला कसलेच नाही.

हा प्रकार पाहून आपल्यातील काही तरुणांनी सुचविले, की आपली संस्था विश्वासू आहे, तर परगावच्या लोकांचे पैसे संस्थेनेच जपून ठेवावेत. हेतू निर्मळ आहे, पण मी त्याला स्पष्ट विरोध करतो. २०१९ च्या कायद्याने परवानगीवाचून लोकांच्या ठेवी घेण्यास बंदी आहे. कायदा नसता तरी मी विरोधच केला असता. आजचे विश्वस्त प्रामाणिक आहेत हे खरे, पण कुलपाची किल्ली उद्या कोणाच्या हाती असेल हे आज कोण सांगणार?

आमच्या समाजातील काही वडीलधाऱ्यांनी व्याजाचा प्रश्न माझ्यापाशी काढला. तो खरा आहे. माझी आई पासबुकातील व्याजाचा आकडा विचारून तेवढी रक्कम बाजूला काढी आणि गरिबाला देऊन टाकी. देवबंद येथे १९६१ पासून मुस्लिम फंड आहे, तेथे दागिना ठेवून बिनव्याजी कर्ज मिळते. तशी सोय येथे नाही, म्हणून काही घरे बँकेपासूनच दूर राहिली. त्यांना मी सांगतो, व्याज नको असेल तर घेऊ नका, पण मुद्दल गादीखाली ठेवू नका. आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही बँका विशिष्ट वस्त्या वेगळ्या काढून तेथे कर्ज देण्याचे टाळतात, असे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नमूद आहे. शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या मजूर वस्तीला, तीत कोणत्याही धर्माचे लोक असोत, हाच अनुभव येतो.

मग संस्थेने काय करावयाचे? माझी मागणी लहान आहे. संस्थेच्या ओसरीवर बाजाराच्या दिवशी दोन तास एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक नोंदवही. परगावी निघणाऱ्या माणसाने निघण्यापूर्वी तेथे यावे. त्याचे नाव आधारवर, पासबुकावर आणि शाळेच्या दाखल्यावर एकसारखे आहे की नाही हे कोणी तरी अक्षर अन् अक्षर पाहावे. खात्याला जोडलेला फोन त्याचा स्वतःचा आहे काय, वारस नोंदविला आहे काय, ठेकेदाराचे पूर्ण नाव व गाव काय, कामाचा दर काय ठरला, पेशगी किती घेतली, हे वहीत लिहावे व त्याची एक प्रत त्याच्या हाती द्यावी. घरी राहणाऱ्या बाईने अडचण आली तर तेथेच यावे, आणि आपल्यापैकी कोणी तरी तिच्याबरोबर शाखेत जावे. पैसे मात्र कोणाचे हाती घ्यावयाचे नाहीत, आणि कोणाचा गुप्त आकडा वहीत लिहावयाचा नाही. जे पोस्टाचे खाते पसंत करतात त्यांच्यासाठी पोस्टमनाशी बोलून ठेवावे. २०१८ पासून पोस्टाची स्वतःची पेमेंट बँक आहे आणि पोस्टमन घरी येऊनही व्यवहार करून देतो.

लिहावयास कोण बसणार, असा प्रश्न येईल. बारावीच्या मुलींना मी विचारले आहे; चौघी तयार आहेत. त्यांच्या शेजारी मी बसेन आणि या खेपेस प्रत्येक ‘बाई’ दोनदा तपासीन.

दोनशे पानांची वही मी आजच घेऊन आलो आहे. ती मागे पाण्याच्या माठाजवळच्या टेबलावर ठेवली आहे. दिवाळीनंतर ज्यांना निघावयाचे आहे त्यांनी जेवणापूर्वी आपले नाव सांगून जावे.